ग्वांगझूच्या हॉटेलात सहा रात्री : कँटन फेअरला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं बेदाणा प्रतवारीच्या मशिनचं छोटं वर्कशॉप आहे. ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे मेहुणे मोटर, सेन्सर, बेल्ट बघायला कँटन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझूच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला गेलो. जाण्याआधी महिनाभर अभ्यास केला तो सगळा मालाचा. हॉटेलचं काय, पाठ टेकायला खोली मिळाली की झालं, असं वाटत होतं. पहिल्या रात्री अकरा वाजता काउंटरसमोर पाऊण तास उभं राहावं लागलं. पुढच्यांची ती वेळ वाचावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्ही मुंबईहून हाँगकाँगला उतरलो आणि वेस्ट कौलून स्टेशनातून रेल्वेनं तासाभरात ग्वांगझू साउथ गाठलं. दोन्हीकडचं इमिग्रेशन वेस्ट कौलूनलाच होतं. चीनचा व्हिसा तर लागतोच, शिवाय हाँगकाँगसाठी आपल्या पासपोर्टवाल्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची प्रिंट जवळ ठेवावी लागते. ही प्रिंट विसरू नका.

आमचं हॉटेल कचुन मेट्रो स्टेशनजवळ होतं. तिथून 8 नंबरच्या लाइननं प्रदर्शनाजवळचं फाजौ हे चौथं स्टेशन, म्हणजे जाणं सोपं. घोटाळा झाला तो नावाचा. बुकिंग माझ्या एकट्याच्या नावानं, तेही वडिलांचं नाव न घालता. चीनमध्ये परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांच्या आत पोलिसांकडे व्हावी लागते आणि हॉटेलात उतरलं की ती हॉटेलच करतं. त्यामुळे खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा ते तपासतात. मेहुण्यांचं नाव बुकिंगमध्ये नव्हतं आणि माझं नाव पासपोर्टशी जुळत नव्हतं. काउंटरवरची मुलगी अतिशय शांतपणे, मोबाइलवर भाषांतर करत सगळं निस्तरत होती. आम्ही मात्र लांबलचक वाक्यं बोलत होतो आणि भाषांतरात त्यांचा भलताच अर्थ निघत होता. शेवटी 'दोन माणसं. एक खोली. सहा रात्री.' असं तोडून बोललो, तेव्हा गाडी रुळावर आली. बुकिंग करताना दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच घाला, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत छापून घ्या. काउंटरवर पत्त्याचं कार्ड मिळतं, ते रोज खिशात ठेवा. टॅक्सीवाल्याला दाखवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

खोली घेताना 500 युआन डिपॉझिट घेतलं. तिकडे त्याला 'याजिन' म्हणतात. पैशांचं म्हणाल तर अलीपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर गेलं की 3 टक्के लागतात. पण कार्डवरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू केलेले असले पाहिजेत, आणि हे काम घरूनच करून निघा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गूगल चालत नाही. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं. आम्ही तेच केलं आणि घरी रोज बोलणं झालं.

खोलीचे दर बघताना एक गोष्ट नीट वाचा : सर्वांत स्वस्त खोल्यांना बऱ्याचदा खिडकी नसते. आमच्या ओळखीच्या एकांनी अशी खोली घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बदलली. सिगारेटचा वास सोसत नसेल तर 'वू यान फांग', म्हणजे धूम्रपान नसलेली खोली, असं सांगायचं. बऱ्याच ठिकाणी बाथरूमची भिंत काचेची असते. आमच्याकडे पडदा होता, तरी दोघं मिळून राहणार असाल तर फोटो आधी पाहून घ्या. जेट स्प्रे नसतो, म्हणून छोटा मग बरोबर असू द्या. आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा ॲडॅप्टर लागतोच.

किटली मात्र प्रत्येक खोलीत असते, आणि तिच्यामुळे आमचे निम्मे दिवस निभावले. पाणी उकळूनच प्यायचं. त्याच पाण्यात रोज संध्याकाळी पोहे भिजवून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले. सकाळच्या न्याहारीत तांदळाची पेज, उकडलेली रताळी आणि मक्याची कणसं, अंडी, सोयाबीनचं दूध असं असायचं. मेहुणे माळकरी, त्यांना पेज आणि रताळी इतकी आवडली की ते पोट भरून खाऊनच निघत. वाफवलेल्या पावांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका, आत डुकराचं मांस असू शकतं. शाकाहारी असाल तर 'मी शाकाहारी' एवढं पुरत नाही. मांस नको, मासे नको, मांसाचं सूप नको, असं एकेक चिनी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी दाखवा. घरून नेताना ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ टाळा, त्यांना आत न्यायला मनाई आहे.

प्रदर्शन साडेनऊला उघडतं. त्याआधी आठच्या सुमाराला हॉटेलच्या लिफ्टपाशी गर्दी होते, म्हणून न्याहारी सातलाच उरका. यंत्रं पहिल्या टप्प्यात, 15 ते 19 ऑक्टोबरला असतात. या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, त्यामुळे तारखा ठरल्या की खोली लगेच धरा.

निघायच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवा. खोली तपासून झाल्यावरच डिपॉझिट परत मिळतं. आमच्या चटणीच्या तेलाचा डाग टॉवेलला लागला होता. त्याचे 50 युआन कापले, ते रास्तच होते. बिलासाठी 'फाप्याओ' मागा. तिथलं सरकारी नमुन्यातलं बिल तेच, आणि आमच्या सीएंनी आल्याबरोबर तेच मागितलं. सामान संध्याकाळपर्यंत काउंटरवर ठेवता आलं. जाताना त्या मुलीला सांगलीच्या बेदाण्याचं पाकीट द्यावं असं फार मनात होतं, पण सुका मेवा न्यायला चालतो की नाही या शंकेनं ते घरीच ठेवलं होतं. मग मेहुण्यांनी मोबाइलवर तीन शब्द टाइप करून तिला दाखवले : 'तुम्ही. खूप. मदत.' तिनं ते वाचलं आणि उठून दारापर्यंत आमची बॅग ओढत आणली.