तुम्ही विचारलेत म्हणून: अनोळखी माणसाला मत कशाच्या भरवशावर?

मी मराठी विकिपीडियावर लिहिते हे कळले की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या कार्यशाळेत तो एका प्राध्यापिकाबाईंनी अगदी नेमक्या शब्दांत विचारला. "जेथे कोणाला पगार नाही आणि निम्म्या लोकांची खरी नावेही ठाऊक नाहीत, तेथे वर्तनावर देखरेख ठेवणारी समिती हवीच कशाला? आणि हवी असेल, तर तिच्या निवडणुकीत अनोळखी माणसांना तुम्ही मत देता तरी कशाच्या भरवशावर?" त्या दिवशी चहाच्या वेळेत मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

विकिपीडिया आणि तिचे सर्व भगिनी प्रकल्प चालवणाऱ्या विकिमीडिया चळवळीत २०२० च्या डिसेंबरात सार्वत्रिक आचारसंहितेला, म्हणजे सर्व प्रकल्पांवरच्या वर्तनाच्या समान नियमांना, विकिमीडिया फाउंडेशन या तिच्या मूळ संस्थेच्या विश्वस्त मंडळाची मंजुरी मिळाली. तिची अंमलबजावणी कशी व्हावी यावर पुढे संपादकांचे, म्हणजे लेख लिहिणाऱ्या-सुधारणाऱ्यांचे, मतदान झाले आणि २०२४ मध्ये या संहितेच्या समन्वय समितीची पहिली निवडणूक झाली. समितीत सोळा जागा आहेत. त्यांपैकी आठ जगाच्या आठ विभागांसाठी राखलेल्या असून दक्षिण आशिया हा त्यांतील एक विभाग आहे, तर उरलेल्या आठ सर्वांसाठी खुल्या आहेत. निवडून येणारे सगळे आपल्यासारखेच विनामोबदला काम करणारे संपादक असतात. लेखात काय लिहावे यावरचे वाद ही समिती ऐकत नाही. एखाद्या प्रकल्पावर छळ, धमक्या किंवा अधिकाराचा गैरवापर होत असेल आणि तेथली स्थानिक व्यवस्था तो थांबवू शकत नसेल किंवा थांबवू इच्छित नसेल, तरच प्रकरण तिच्यापुढे जाते.

स्थानिक व्यवस्था अपुरी का पडते, याचे क्रोएशियन विकिपीडियाइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. तेथे सुमारे दशकभर प्रचालकांच्या, म्हणजे इतरांना प्रतिबंधित करण्यासारखे जादा अधिकार असलेल्या संपादकांच्या, एका गटाने इतिहासाचे विकृत चित्रण जोपासले आणि आक्षेप घेणाऱ्यांना प्रतिबंधित करून बाहेर काढले. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात हे सविस्तर आले आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती तक्रारीचा निकाल असेल, तर दाद मागायची कोठे? लहान भाषेच्या प्रकल्पावर ही भीती अधिकच खरी असते, कारण नियमित काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी, आणि प्रचालक त्याहूनही कमी.

मग हे काम फाउंडेशनच्या पगारी कार्यालयाकडेच का सोपवू नये? तेही करून पाहिले गेले. २०१९ च्या जूनमध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरील एका प्रचालकावर परस्पर एक वर्षाची बंदी घातली. कारणे गोपनीय ठेवल्यामुळे समाजात इतका असंतोष उसळला की अनेक प्रचालकांनी आपले अधिकार परत केले, आणि अखेर प्रकरण संपादकांनीच निवडलेल्या तेथील लवाद समितीकडे गेले. त्या समितीने बंदी उठवली. बंदी योग्य होती की अयोग्य, हा येथे माझा मुद्दा नाही. निर्णय देणारा आपण निवडलेला नसेल, तर बरोबर निर्णयही लोक मानत नाहीत, हे त्या वर्षी मी दुरून पाहिले आणि निवडणुकीविषयीचे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आमच्या प्रकल्पावर मत देण्याला 'कौल' म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. प्रचालकपदासाठी एखाद्याचे नाव आले की त्याच्या नावाखाली आपण कौल लिहितो, कारण देतो, आणि शेवटी चार नागमोडी चिन्हे टंकित केली की आपले नाव व वेळ आपोआप उमटते. ते सर्वांना कायमचे दिसत राहते. त्यामुळे ज्याने परवाच आपला लेख सुधारून दिला, ज्याच्याबरोबर मागच्या वर्षी कार्यशाळेत जेवलो, त्याच्याविरुद्ध जाहीर कौल लिहिताना हात अडखळतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी पुरेपूर कळते. या समितीचे मतदान मात्र गुप्त असते. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे समर्थन, विरोध आणि तटस्थ असे पर्याय असतात, आणि कोणी काय निवडले ते कोणालाही दिसत नाही.

अशा मतदानात भिडेला जागा नसते, म्हणूनच अभ्यासाला असते. उमेदवारांची निवेदने मी वाचते, पण त्यांवर विसंबून राहत नाही. निष्पक्षता आणि संवेदनशीलता हे शब्द सगळ्यांच्याच निवेदनांत असतात. मी त्यांची जुनी भांडणे वाचते. विकिवर प्रत्येक संपादनाचा इतिहास राहतो, त्यामुळे माणसाचे खरे नाव ठाऊक नसले तरी चिडल्यावर त्याने काय लिहिले ते तारीखवेळेसह समोर असते. अमुक वाद जिंकला का, यात मला रस नाही. हरल्यावर त्याने काय केले, हे मी शोधते. एका उमेदवार बाईंचे संपादन एका नवख्याने एका संध्याकाळी तीनदा उलटवले होते, आणि चर्चापानावरची त्याची भाषाही उर्मट होती. बाईंच्या हाती त्याला प्रतिबंधित करण्याचा अधिकार होता. त्यांनी तो वापरला नाही, दोन दिवस काही लिहिलेच नाही, आणि तिसऱ्या दिवशी एवढेच नोंदवले की संदर्भ पुन्हा तपासला, तुमचे बरोबर आहे, मात्र भाषा सांभाळा. त्या तीन ओळींवर मी त्यांना समर्थन दिले. दुसऱ्या एकाची निवेदने सुरेख होती, पण मतभेद झाला की समोरच्याच्या जुन्या चुका उकरून काढण्याची त्याची सवय चार वेगवेगळ्या पानांवर दिसली. त्याला मी विरोध नोंदवला.

येथे विरोधाला वजन आहे. समर्थन आणि विरोध यांच्या बेरजेत किमान ६० टक्के समर्थन असल्याशिवाय कोणी निवडून येत नाही, मग जागा रिकामी राहिली तरी चालेल. पहिल्या निवडणुकीत तसेच झाले. सोळांपैकी सातच जागा भरल्या, कामकाजाला लागणारी आठांची गणसंख्या झाली नाही, आणि त्याच वर्षी विशेष निवडणूक घ्यावी लागली. अट कडक आहे अशी टीका झाली. मला ती तशी वाटत नाही, कारण या समितीतल्या लोकांपुढे छळ झालेल्यांची खाजगी पत्रे येतात, आणि ज्याच्यावर दहांतल्या पाचांचा विश्वास नाही त्याच्या हाती ती देऊ नयेत.

मात्र दक्षिण आशियाची जागाही तेव्हा रिकामी राहिली, याची खंत मला अजून आहे. आमच्यातल्या एका शांत, अनुभवी सहकाऱ्याला मी म्हटले होते, "दादा, तुम्ही उभे राहा." ते म्हणाले, "दिवसभर नोकरी करून रात्री इतरांना आलेल्या धमक्या वाचायच्या, आणि त्याबद्दल घरातही बोलायचे नाही. मला नाही झेपणार." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून मतदानाच्या आधी उमेदवारांची निवेदने मराठीत आणून चावडीवर, म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. इंग्रजीमुळे मागे राहणाऱ्या आपल्या संपादकांनी निदान वाचून मत द्यावे, हा हेतू आहे. मागच्या खेपेस एका वाक्यावर मी अर्धा तास अडले. प्रकरणात आपला संबंध असेल तर त्या प्रकरणापुरते आपण काम पाहणार नाही, असे उमेदवाराला म्हणायचे होते, आणि एकही जड शब्द ते नीट सांगेना. शेवटी लिहिले, "माझ्या माणसाचा प्रश्न आला, तर मी उठून बाहेर बसेन."