तुम्ही विचारलंत म्हणून : पंखावरचा पातळ थर

नोकरीची सगळी वर्षे विमानांच्या देखभालीत गेल्यामुळे, डिसेंबरात मुलांकडे टोरांटोला जाऊन आलेली वास्को-फोंड्याची मंडळी मला हटकून विचारतात, "सगळे बसल्यावर, दारे लागल्यावर पंखांवर फवारे मारत एवढा वेळ का थांबवतात? एवढ्या मोठ्या विमानाला त्या बर्फाचे काय ओझे?"

प्रश्न ओझ्याचा नाही. पंखाच्या वरच्या अंगाला हवा चिकटून वाहते तोवरच तो विमानाला नीट उचलतो. तिथे सँडपेपरइतका खरखरीत थर जमला, तरी ही उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

कॅनडातील ड्रायडन येथे १० मार्च १९८९ रोजी नेमके हेच घडले. एअर ओंटारिओच्या फॉकर विमानाचे, मुख्य इंजिने सुरू करून देणारे सहायक इंजिन नादुरुस्त होते, मुख्य इंजिने बंद केल्यास ती पुन्हा सुरू करण्याची दुसरी सोय तिथे नव्हती आणि इंजिन चालू असताना फवारणी करायची नाही असा दंडक होता. परिणामी पडत्या बर्फात विमान तसेच निघाले आणि ६९ पैकी २४ जणांचा जीव गेला. चौकशी करणारे न्यायमूर्ती मोशान्स्की वैमानिकाला दोष देऊन थांबले नाहीत, तर कंपनीच्या कारभारापासून सरकारी देखरेखीपर्यंत त्यांनी सगळे तपासले, आणि तेच योग्य होते असे मला ठामपणे वाटते.

गोव्यात बर्फ पडत नाही, पण त्याचे एक कारण इथेही दिसते. उंचावरून दाबोळीला उतरलेल्या विमानाच्या पंखातले इंधन इतके गार असते की आपल्या दमट हवेत पंखाखाली दव धरून पाणी ठिबकते. हीच गोष्ट शून्याच्या आसपासच्या हवेत घडली, तर काचेसारखा पारदर्शक बर्फ धरतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या विमानाच्या पंखांवर फवारणी होऊनही असा बर्फ राहून गेला आणि उड्डाण होताच सुटून शेपटीकडच्या दोन्ही इंजिनांत शिरला. इंजिने बंद पडली. शेतात उतरवलेल्या त्या विमानाचे तुकडे झाले, तरी सर्व १२९ जण वाचले. हा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पंखावर हात फिरवून पाहावे लागते.

राहिला फवारा. नारिंगी, गरम द्रव बर्फ काढतो. हिरवा, दाट द्रव नवा बर्फ धरू देत नाही आणि विमानाने वेग घेतला की ओघळून जातो. बर्फ जितका जोरात पडेल तितकी या द्रवाची टिकण्याची मुदत कमी. उड्डाणाच्या रांगेत ती संपली, तर पंख स्वच्छ असल्याची पुन्हा तपासून खात्री करावी लागते, नाहीतर विमान पुन्हा फवारणीला न्यावे लागते. तेव्हा जानेवारीत जाणार असाल, तर पुढचे विमान पकडायला चांगली सवड ठेवून तिकीट काढा.