आधी चपला की आधी तिकीट?

घरातल्या संग्रहालयात शिरताना पहिला प्रश्न पडतो तो चपलांचा. मोठ्या संग्रहालयांत तो पडत नाही. तिथे पहारेकरी असतो, खिडकी असते, पिशव्या ठेवायला कप्पे असतात आणि एकदा का तिकीट फाडलं, की पायातल्या बुटांसकट आपण तिथले हक्काचे प्रेक्षक. इथे मात्र उंबरा असतो. पलीकडे कुणाचं तरी झाडूनपुसून ठेवलेलं घर आणि अलीकडे आपण, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात फोन, आणि "येऊ का?" असा चेहरा.

तुर्तुकला माझं असंच झालं. लडाखला गेलेली आपली बहुतेक मंडळी हुंदरच्या वाळूत दोन वशिंडांच्या उंटावर बसून फोटो काढतात आणि खार्दुंगला ओलांडून लेहला परततात. तिथून परत न फिरता श्योक नदीच्या कडेकडेनं पुढे जात राहिलं, की ताबारेषेच्या अगदी जवळ हे गाव लागतं. 1971च्या डिसेंबरपर्यंत ते पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सैन्यानं चालुंका, तुर्तुक, त्याक्षी आणि थांग ही चार गावं घेतली. रिंचेन यांना त्याबद्दल महावीर चक्र मिळालं, आणि ते त्यांचं दुसरं होतं. पहिलं 1948च्या लढाईतलं. पर्यटकांना तुर्तुक खुलं झालं ते थेट 2010 साली. गावकरी एका देशात झोपले आणि दुसऱ्या देशात जागे झाले, हे वाक्य तुर्तुकवरच्या प्रत्येक व्हिडिओत असतं, त्यामुळे मी ते पुन्हा लिहीत नाही.

इथले लोक बल्टी. भाषा तिबेटीच्या कुळातली, धर्म इस्लाम, पंथ नूरबख्शी. गावाची उंची तीन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे लडाखच्या मानानं खालीच, म्हणून सातू काढल्यावर त्याच शेतात कुट्टूचं दुसरं पीक निघतं. जर्दाळूची झाडं तर अशी, की गल्लीतून चालताना डोकं सांभाळावं लागतं. दगडी भिंतींवर हातानं रंगवलेले बाण आहेत. त्यांच्यामागून गेलं की पाण्याचा पाट उजवीकडून डावीकडे जातो, मग पुन्हा उजवीकडे येतो, आणि एका दारावर पाटी दिसते: म्युझियम. दार बंद. शेजारच्या गच्चीवरून एक मुलगी ओरडली, "चाचा शेतात आहेत, बोलावते." संग्रहालयाचे संचालक शेतातून हात धूत धूत आले. चपलांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. दाराशी स्वतःचे गमबूट काढले, मग आम्हीही काढले.

आत काय होतं? तसं पाहिलं तर एक जुनं घर होतं. बुटकी दारं, काळपट लाकडी खांब, मध्ये चूल, वर धूर जायला झरोका. भिंतीला लागून दगड कोरून केलेली भांडी, मीठ-लोण्याचा चहा घुसळायची उभी लाकडी नळी, लोकरीच्या टोप्या, चात्या, पाठीवर घ्यायच्या फांद्यांच्या टोपल्या, रानबकऱ्याची शिंगं. काही वस्तूंना पुठ्ठ्याचे तुकडे लावून वर मार्करनं इंग्रजीत नावं लिहिलेली, त्यातली निम्मी उन्हानं पुसलेली. चाचांना त्याची फिकीर नव्हती. कारण वस्तूची माहिती पुठ्ठ्यावर नव्हतीच, ती ते स्वतः होते.

मोठ्या संग्रहालयात वस्तूपाशी काय लिहितात ते आपल्याला पाठ आहे. "भांडे. दगड. एकोणिसावे शतक." तीन शब्दसमूहांत विषय संपला. चाचांनी एक भांडं उचललं, सरळ माझ्या हातात दिलं (दोन्ही हात लागले, इतकं जड) आणि म्हणाले, "यात एकदा उकळी आली ना, की चुलीवरून उतरवलं तरी किती तरी वेळ आत शिजतच राहतं. थंडीत सरपण वाचतं." मग कडेच्या एका कपच्याकडे बोट दाखवलं. ते त्यांच्या थोरल्या भावानं पाडलं होतं आणि त्याबद्दल त्याला आईनं टोपलीच्या दोरीनं बडवलं होतं. टोपलीही तिथेच होती. दोरीही. आता सांगा, हे कुठल्या पाटीवर मावणार?

पण मला सर्वांत आवडलं ते हे, की तिथल्या वस्तू धड निवृत्त झालेल्या नव्हत्या. माझा नवरा पेशानं अभियंता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं झाकण उघडून बघणं हा आपला अधिकार आहे असं तो समजतो. त्यानं एक नक्षीदार लाकडी पेटी उघडली. आत कांदे. चाचा शांतपणे म्हणाले, "ती पेटी आजोबांची, कांदे या वर्षीचे." घराखाली त्यांनी नांगचुंग दाखवलं. दगड नुसते एकावर एक रचून, फटी राखून बांधलेली कोठडी. जमिनीखालून आणि फटींतून गार वारा येत राहतो आणि ऐन उन्हाळ्यात आतलं दूध-लोणी टिकतं. विजेविना चालणारा फ्रीज म्हणून गावात हे सगळेच पर्यटकांना दाखवतात. आम्हीही भक्तिभावानं आत डोकावलो. आत लोणी होतं, मटण होतं आणि थंड पेयाची एक प्लास्टिकची बाटली होती. म्हणजे ज्याचे फोटो काढायला आम्ही मुंबईहून आलो होतो, ते त्यांच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाचं सामान होतं.

संग्रहालयात ठेवली की वस्तू काम करायची थांबते, असा आपला समज असतो. काचेमागच्या तलवारीनं कुणी भाजी चिरत नाही. पुण्याचं केळकर संग्रहालय आठवा. तेही मुळात एका घरातूनच वाढलेलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे कवी, 1920च्या सुमारास वस्तू जमवू लागले. लोक मोडीत काढत होते ते दिवे, अडकित्ते, दौती, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरातली भांडी हे सगळं त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि 1975 साली सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेले तेव्हा अडकित्त्यांपुढून हलेना, कारण ते एकाहून एक खट्याळ आहेत. पण तेव्हाही वाटायचं, या अडकित्त्यानं सुपारी कातरणारी बाई कोण होती? तिचे दात शेवटपर्यंत टिकले का? ते तिथे कळायला मार्ग नाही. केळकरांनी वस्तू वाचवल्या. त्यांच्यामागची भांडणं, बोलणी, मारझोड वाचवणं एका माणसाच्या हातात नव्हतं. ती ज्याच्या घरची, त्यालाच ठाऊक असतात.

म्हणून मी संग्राहक आणि घरमालक यांत फरक करते. संग्राहकाला वस्तू निवडता येते. घरमालकाला ती मिळालेली असते, आवडो न आवडो. त्यामुळे तुर्तुकच्या त्या घरात सुंदर गोष्टींच्या शेजारी अगदी सामान्य गोष्टीही तितक्याच मानानं मांडलेल्या होत्या. एक पत्र्याचा डबा होता, ज्यावर फुलं होती आणि ज्याची कहाणी सांगताना चाचा भांड्यांपेक्षा जास्त खुलले.

तिसराही एक प्रकार असतो, तो कारगिलला पाहिला. मुन्शी अझीज भट यांची तिथे 1920 सालची सराय होती, मध्य आशियाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांची. फाळणीनंतर वाटा बंद झाल्या, काफिले थांबले आणि सरायीत माल तसाच पडून राहिला. खूप वर्षांनी घरच्यांच्या हाती तो लागला आणि त्यांनीच त्याचं संग्रहालय केलं. गालिचे, घोड्यांची खोगिरं, दूरदूरचा किरकोळ माल. तिथे पाहताना जाणवत राहतं, की यातलं बरंचसं कुणाच्या घरचं झालंच नाही. गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता ते इतिहासात जमा झालं.

तुर्तुकमध्येच याबगो राजघराण्याचं जुनं घरही आहे. तिथे भिंतीवर वंशावळ रंगवलेली आहे आणि वंशजच ती समजावून सांगतात. पाहण्यासारखं आहे, जरूर जा. मी मात्र कांद्यांच्या पेटीच्या पक्षातली.

चहा आला. इथे दुसरा पेच. चहा तिकिटात धरलेला की पाहुणचारातला? पाहुणचारातला असेल तर बिस्किटं किती घ्यायची? आणि मुख्य म्हणजे पैसे कधी आणि कुणाच्या हातात द्यायचे? ज्या माणसानं आईच्या हातचा मार सांगितला, त्याला लगेच "कितना हुआ?" असं विचारणं माझ्या जिवावर आलं. नवऱ्यानं नोटा घडी घालून मुठीत धरल्या, लग्नात आहेर देताना धरतात तशा. चाचा खिडकीबाहेर जर्दाळूच्या झाडाकडे पाहत राहिले. त्यांनाही ते जमत नव्हतं हे उघड होतं. शेवटी गच्चीवरची ती मुलगी आली, तिनं छापील तिकिटांचं पुस्तक काढलं, फाडून दोन हातात ठेवली, पैसे मोजून घेतले आणि निघून गेली. व्यवहार तिच्या पिढीनं उचलला आहे, हे बरं आहे. प्रेक्षक झालो ते असे, सगळं पाहून झाल्यावर.

तिकीट कशाला लावलं, असं मी मग जरा सैलावून विचारलं. चाचा म्हणाले, पैशापेक्षा नाव महत्त्वाचं. पूर्वी बाहेरचे लोक यायचे, भांडं उचलायचे आणि किंमत विचारायचे. घरातलेही म्हणायचे, स्टीलची आहेत की, ही कशाला अडगळ? दारावर पाटी लावली तेव्हापासून दोघंही गप्प झाले. संग्रहालयातली वस्तू विकत मागायला परक्याची जीभ रेटत नाही, आणि फेकून द्या म्हणायला सुनेची.

हे ऐकताना मला आमच्याकडचं घंगाळ आठवलं. तांब्याचं, दोन माणसांनी उचलायचं. माझ्या लहानपणी ते मोडीत गेलं आणि त्या पैशांत स्टीलचा डबल-ताटांचा सेट आला. बोहारणीशी तासभर हुज्जत घालून एका पातेल्यासाठी जरीचं लुगडं देणारी माझी आजी मला अजून दिसते. तिला कुणी सांगितलं असतं, की बाई, दारावर "म्युझियम" अशी पाटी लाव आणि कोपऱ्यात तिकीटपुस्तक ठेव, तर तिनं बोहारणीलाच तिकीट लावलं असतं.

निघायच्या आधी चाचांनी कोनाड्यातला शेवटचा ऐवज दाखवला. चामड्याच्या खोळीतला एक ट्रान्झिस्टर. नदीच्या खालच्या अंगाला, ताबारेषेपलीकडे खपलू आणि स्कर्दू आहेत. 1971 साली जे नातेवाईक तिकडे होते, ते तिकडेच राहिले. 2025 साली वाघ्याची वाट बंद होईपर्यंत भेटायचं तर व्हिसा, दिल्ली, वाघा असा लांबचा फेरा होता, तोही व्हिसा मिळाला तर. पण रेडिओला व्हिसा लागत नाही. स्कर्दू केंद्रावर बल्टी कार्यक्रम लागायचे आणि घर त्याभोवती बसायचं. चाचा हे सांगत होते, मी फोनमध्ये टिपून घेत होते, तेवढ्यात आतून त्यांची आई आली. वाकलेली, पण चाल तुरुतुरु. आमच्याकडे पाहिलं न पाहिलंसं करून तिनं कोनाड्यातून ट्रान्झिस्टर उचलला आणि खाकोटीला मारला. चाचा बल्टीत काहीतरी म्हणाले, तिनं त्याहून लांब काहीतरी उत्तर दिलं. आवाजावरून विषय मला समजला. आमच्या घरीही तो रोज चालतो.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणतात, म्युझियममध्ये तुझ्या वस्तू ठेव. हा माझा आहे आणि चालतो." मग जरा ओशाळून, "सेल संपलेत. तुमच्याकडे आहेत का, विचारतायत. मोठे."

आमच्याकडे सेलवर चालणारं काहीच नव्हतं. नवऱ्यानं तरी उत्साहानं बॅगेतून पॉवर बँक काढून आजींपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, कानाशी नेली, वजन पाहिलं आणि परत देताना मुलाला दोन शब्द सुनावले. चाचांनी हसू दाबत भाषांतर केलं.

"म्हणतात, ही बंद पडली की पाठवा. कोनाडा रिकामाच आहे."