बकेटहेड-बटण: ‘टप्प’ आवाज गेला, दुसऱ्या बटणाचा बेत बदलला

गिटारवादक बकेटहेडसारखं, दाबताच आवाज बंद करणारं बटण (किलस्विच) गिटारला बसवलं होतं; ते दाबताना गेल्या अपडेटपासून छळणारा ‘टप्प’ अखेर गेला! स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) पिकगार्डवरचं, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावरचं, लाल बटण दाबलं की कितीही गेन (सिग्नलची वाढ) असला तरी आता निव्वळ शांतता. दोष बटणात नव्हता, फझमध्ये (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये) होता.

वायरिंग तेच: बटणाचं एक टोक आउटपुट जॅकच्या हॉटला (सिग्नलच्या टोकाला), दुसरं ग्राउंडला. हॉट वायर तोडून मध्ये बटण बसवायच्या भानगडीत पडू नका. सर्किट तुटलं की केबल तरंगती राहते आणि 50 हर्ट्झची गुणगुण अॅम्पमध्ये शिरते.

चोर सापडला तो व्हॉल्यूम पॉटमुळे (गिटारच्या आवाजाच्या नॉबमुळे). नॉब 10 वर टप्प बारीक, 7-8 वर दणदणीत, 0 वर गायब. ही डीसी गळतीची खूण. फझच्या इनपुटचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळत असला, तर तो करंट गिटारमधून ग्राउंडला जातो. गळती 1 मायक्रोअँप धरा: नॉब 10 वर असताना 6 किलोओमच्या सिंगल कॉइल पिकअपवर 6 मिलिव्होल्ट; पण 250 किलोओमचा पॉट विद्युतमध्यावर (दोन्ही बाजूंना सारखा रोध, नॉबवर साधारण 7-8) असेल, तर साठेक मिलिव्होल्ट. बटण दाबताच हे व्होल्टेज एकदम शून्यावर येतं आणि फझ तो धक्का शेकडो पट मोठा करतो. खात्रीसाठी फझच्या आधी बफर (गिटार आणि फझ यांना वेगळं ठेवणारं छोटं सर्किट) लावा. टप्प थांबला तर निदान पक्कं.

उपाय: 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, आणि इनपुट जॅकवर हॉट ते ग्राउंड 1 मेगाओम. फिल्मचा ठोकळा जाड असतो, आडवा झोपवला तरच झाकण बसतं.

लॅमिंग्टन रोडवर बटण घेताना मल्टिमीटर सोबत न्या. दाबल्यावर 1 ओमच्या आत आणि दर वेळी तेवढंच रीडिंग हवं. गिटारचा सिग्नल मिलिव्होल्टचा. संपर्कावरचा गंज तो फोडू शकत नाही. पावसाळ्यातल्या मुंबईच्या दमट हवेत चांदीचे संपर्क काळे पडतात आणि दाबूनही आवाज झिरपतो. थोडे जास्त पैसे पडले तरी सोन्याचा मुलामा दिलेले संपर्कच घ्यावेत.

आता डाव्या हाताने हॅमर-ऑन (तारेवर बोट आपटून काढलेला सूर) धरून उजव्याने 120 बीपीएमला सोळाव्या मात्रा, म्हणजे सेकंदाला 8 वेळा, स्वच्छ कापता येतात. ‘जॉर्डन’ या ट्रॅकमधला तो तुटक भाग ऐकताना कळतं की बकेटहेडने शांततेलाच वाद्य केलंय. मुखवटा, डोक्यावरची बादली, नानचाकू, रोबोट नाच, प्रेक्षकांना वाटलेली खेळणी हे सगळं लोकांच्या लक्षात राहतं. आम्हाला वेड लावते ती त्या बोटाची लय.

त्याच्या सिग्नेचर लेस पॉलवर (27 इंच स्केल, 24 फ्रेट) दोन बटणं आहेत, म्हणून इथेही तसंच दुसरं लावायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं: दुसरं उलटं का नको? मायक्रोस्विचला कॉमन, एनओ (एरवी उघडं), एनसी (एरवी जोडलेलं) अशी तीन टोकं असतात. एनसी वापरला तर दाबल्यावरच आवाज, सोडलं की बंद. एक मिनी टॉगल एनओ-एनसी निवडेल.

अडचण खोलीची. सध्याचं 24 मिमीचं स्नॅप-इन बटण दोनच टोकांचं आहे. मायक्रोस्विचवालं बरंच लांब असतं आणि स्ट्रॅटची बॉडीच 45 मिमी जाड. त्यामुळे भोक पाडायच्या आधी पिकगार्ड उचलून कॅव्हिटीची (बॉडीतल्या पोकळीची) खोली कॅलिपरने मोजायची. बसत नसेल तर मायक्रोस्विच बटणापासून सुटा करून कॅव्हिटीत आडवा बसवायचा आणि पातळ पत्र्याच्या पट्टीने दाबायचा. पट्टी आधी ग्राउंडला सोल्डर करा, नाहीतर तीच अँटेना होईल.