टॉम विल्सला भेटायला हायडेलबर्गला

मेलबर्न म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) टेस्ट आठवते, आम्हीपण एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, बघायलाच गेलो होतो. ग्रेट ओशन रोड झाला, पेंग्विन झाले, सगळं छान झालं, पण मला लिहायचंय ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल सुरू करणाऱ्या टॉम विल्सबद्दल.

एमसीजीच्या बाहेर त्याचा पुतळा आहे, दोन पोरं बॉलसाठी भिडलीयत आणि हा अंपायर. ७ ऑगस्ट १८५८ ची शाळाशाळांमधली फुटबॉल मॅच, प्रत्येक बाजूला ४० पोरं, आणि सोबतचा अंपायर जॉन मॅकॅडम, ज्याच्या नावावरून मॅकाडेमिया नट! विल्स खरंतर क्रिकेटर. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा असं त्यानेच त्या जुलैत पेपरात पत्र लिहून सुचवलं, पुढच्या मे महिन्यात दोस्तांबरोबर बसून खेळाचे दहा नियम लिहिले, मग मेलबर्न, जिलाँग या क्लबांकडून स्वतः खेळला, कॅप्टन झाला. आज लाखभर लोक ज्याची फायनल बघायला येतात तो खेळ हा!

आणि त्याची कबर? फ्लिंडर्स स्ट्रीटवरून लोकल पकडून मेलबर्नमधल्याच हायडेलबर्गला गेलो, वॉरिंगल सिमेटरी. दगडावर लिहिलंय, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संस्थापक आणि त्याच्या काळातला चॅम्पियन क्रिकेटर. पण खाली साल वाचलं आणि पोटात कालवलं, दगड बसवला १९८० ला, माणूस गेला १८८० ला. शंभर वर्षं नावाची पाटीसुद्धा नाही! दारूने पोखरलेला, शेवटी स्वतःच जीव दिला, वय ४४. आम्ही होतो तेवढा वेळ तिथे दुसरं कुणी फिरकलं नाही, एमसीजीला मात्र फोटोसाठी रांग.

विल्स लहानपणी आदिवासी पोरांबरोबर वाढलेला, त्यांची भाषा बोलायचा. १८६१ मध्ये क्वीन्सलँडला आदिवासींच्या हल्ल्यात त्याचा बाप आणि इतर १८ जण मेले, बदल्यात त्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले गेले. आणि पाचच वर्षांनी हाच माणूस आदिवासींची क्रिकेट टीम तयार करून, स्वतः कॅप्टन होऊन एमसीजीवर उतरला, बॉक्सिंग डेलाच. बापाच्या मरणानंतर हे कसं जमलं असेल, माझ्या डोक्यातून जातच नाही. त्यातलेच बरेच जण १८६८ साली इंग्लंडला गेले, ऑस्ट्रेलियाची तिकडे गेलेली पहिली क्रिकेट टीम, पण कॅप्टन चार्ल्स लॉरेन्स, विल्स नाहीच. टीम घडवली याने आणि बोटीवर दुसराच, याचा मला अजून राग येतो.