बसरा ते चिबायिश: खाऱ्या पाण्याच्या मागावर चार दिवस

पाण्याचा फिल्टर विकायला येणारा माणूस नळाच्या पाण्यात एक पेन बुडवतो आणि आकडा दाखवून घरादाराला घाबरवतो, ते पेन आठवतंय? टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. दहिवडीच्या घरी बोअरचं पाणी तपासायला घेतलेलं ते पेन माझ्या बॅगेतून बसऱ्याला गेलं. हॉटेलच्या बेसिनमध्ये धरलं, तर आकडा थेट चार अंकी. चूळ भरताना जिभेला ते आधीच कळलं होतं म्हणा.

खरं तर बसऱ्याजवळच्या तेलाच्या साइटवर मला चौदा महिने झाले होते. पण कॅम्पात सगळं पाणी आरओचं, त्यामुळे या गावच्या नळाची चव कधी घेतलीच नव्हती. कॅम्प, बस, साइट, परत कॅम्प. इराक पाहिला तो बसच्या काचेतून. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुट्टीआधी चार दिवस मोकळे मिळाले. आपल्या जबाबदारीवर जातोय, असं कंपनीला लिहून दिलं आणि बाहेर पडलो. बसरा, कुर्ना, चिबायिश, नासिरिया आणि परत बसरा असा फेरा मारला.

इराकी बोलीत पाण्याला 'माय' म्हणतात. पिण्याचं ते 'माय हिलू', म्हणजे शब्दशः गोडं पाणी. आपल्यासारखंच. बसऱ्यात नळाचं पाणी कुणी पीत नाही, ते भांडी-कपड्यांना. पिण्यासाठी आरओच्या प्लांटवरून छोटे टँकर गल्लोगल्ली फिरतात आणि घराघरावरच्या टाक्या भरतात. आमच्या माण तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे दृश्य नवं नाही. नवं एवढंच, की गावाला लागून तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळून झालेली शत्त-अल-अरब नदी वाहते, चांगली रुंद, जहाजं चालतात अशी. नदीकाठी उभं राहून टँकरची वाट पाहायची, हे आमच्याकडेसुद्धा अजून आलेलं नाही.

असं का, हे विचारलं तर प्रत्येक जण एकेक कारण सांगतो आणि सगळीच खरी निघतात. वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की खालून समुद्र नदीत चढतो. तैग्रिस आणि युफ्रेटिस दोन्ही तुर्कस्तानात उगम पावतात. तिथे आधी अतातुर्क धरण झालं आणि २०१९ मध्ये इलिसू भरायला घेतलं. पूर्वेकडून येणारी कारून नदी इराणने वरच्या वर वळवली. वरचा धरण बांधतो, खालचा टँकर मागवतो. जायकवाडीच्या खालच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. घर्राफ नदीतून बसऱ्यासाठी बदआ नावाचा कालवा आणलाय, दोनशे किलोमीटरांहून लांब आणि उघडा. त्यावर वाटेतल्या शेतकऱ्यांनी मोटारी टाकल्या आहेत. त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

आणि या सगळ्याखाली युद्धाचा थर आहे. १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं गेली, विजेवाचून जलशुद्धीकरण बंद पडलं, आणि पुढची बारा वर्षं आर्थिक निर्बंधांमुळे पंपांचे सुटे भाग मिळवतानाही मारामार. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात पाणी पिऊन किमान १ लाख १८ हजार लोक दवाखान्यात गेले. लोक रस्त्यावर उतरले, सरकारी इमारती पेटल्या. आमचा ड्रायव्हर तो उन्हाळा सांगताना गाडी हळू करत होता. त्याच्या घरातले चौघं एकाच वॉर्डात होते.

बसऱ्याच्या अशार भागातले कालवे पाहायला जाच, पण नाक धरून. एकेकाळी याला पूर्वेचं व्हेनिस म्हणत. लाकडी जाळीच्या सज्जांची जुनी घरं अजून काही उभी आहेत. पडक्या वाड्यांची आठवण येते. खालच्या पाण्यात बाटल्या आणि सांडपाणी. आपल्या नथीतला बसरा मोती याच बंदराच्या बाजारातून यायचा, हे मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, आता इथून फक्त तेल जातं.

नदीकाठाने दक्षिणेकडे गेलात, तर खजुराची बनं दिसतील. बनं म्हणायची ती सवयीने. १९८० ते ८८ च्या इराण-इराक युद्धात आघाडी इथेच होती. तोफांनी उडवलेली, नेम स्पष्ट दिसावा म्हणून तोडलेली आणि नंतर खाऱ्या पाण्याने वाळलेली झाडं. शेंडा नसलेली खोडं रांगेने उभी, विजेचे खांब वाटावेत अशी. इथे एक गोष्ट गंमतीत घेऊ नका: शत्तच्या पूर्वेला, इराणच्या सीमेकडच्या पट्ट्यात, अजून सुरुंग आहेत. फोटोसाठी डांबरी रस्ता सोडून झाडीत शिरायचं नाही. ओढ्याला पूर आला की सुरुंग जागा बदलतात, म्हणून 'काल इथून गेलो होतो' हेही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी कुर्ना. वाटेत क्षितिजावर तेलविहिरींच्या ज्वाळा, दिवसाही दिसतात. जमिनीतलं तेल वर ढकलायला खाली पाणी दाबतात, आणि त्याच कामावर माझा पगार निघतो. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

रस्त्यात चौक्या बऱ्याच. पासपोर्ट हातात ठेवा, व्हिसाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा, मोबाइल खाली ठेवा. चौकीचा, सैनिकांचा, पुलाचा फोटो नाही. ड्रोन तर घरीच ठेवा. 'हिंदी' म्हटलं की बहुतेक जण हसून सोडतात. एका चौकीवर मात्र पाऊण तास बसवलं, चहा पाजला आणि कारण न सांगता जाऊ दिलं. अशा वेळी घाई दाखवायची नाही.

कुर्न्यात तैग्रिस आणि युफ्रेटिसचा संगम. आदमचं झाड म्हणून एक वाळलेलं खोड दाखवतात. पाच मिनिटांत उरकतं. मी संगमावर थांबलो ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या मे अखेरीस इथे इतका पूर होता, की ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनच्या शिपायांनी स्थानिक होड्या वल्हवत तुर्कांच्या ठाण्यांवर हल्ला केला. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी होत्या. जिथे त्यांनी होड्या हाकल्या, त्यातल्या बऱ्याच जागी आज मोटारसायकली चालतात.

चिबायिश इथून तासाभरावर. दलदल, स्थानिक शब्दात 'अहवार', इथूनच पाहायची. २०१६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. होड्या शहीद स्मारकाजवळच्या धक्क्यावरून सुटतात. भाव आधी ठरवा, आणि फेरी दोन तासांची की अर्ध्या दिवसाची तेही. सकाळी उजाडताना निघा; दहानंतर ऊनही चढतं आणि पक्षीही दडतात. पक्षी पाहणाऱ्यांसाठी: ज्याला या शहराचं नाव आहे तो बसरा बोरू वटवट्या हिवाळ्यात आफ्रिकेत असतो. त्याच्यासाठी वसंतात यावं लागेल. नोव्हेंबरात खंड्या, बगळे आणि उत्तरेकडून आलेली बदकं.

आमचा नावाडी साठीच्या पुढचा. सगळे त्याला हज्जी म्हणत, मीही म्हणू लागलो. अर्धा तास बोरूच्या भिंतींमधून छान गेलो. मग पाणी पसरट झालं, इंजिनाने चिखल उडवला आणि होडी बसली. हज्जीने इंजिन वर उचललं, लांब बांबू घेऊन रेटा दिला, काही उपयोग नाही. शेवटी दोघं उतरलो. मांडीपर्यंत गाळ, वर घोट्याएवढं पाणी. डावा बूट तिथेच राहिला, अजून असेल. तुम्ही बांधता येणारी रबरी चप्पल घाला आणि पैसे-पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवा. होडी मोकळी झाली तेव्हा हज्जीने हाताने पलीकडे दाखवलं. तिथे जमीन उघडी पडून तिची ढेकळं झाली होती, कडांना पांढरा क्षार. चार वर्षांपूर्वी तिथे होडीचा बांबू तळाला लागत नसे, म्हणाला.

पेन काढलं. हज्जीने आधी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाला, कालच्या धक्क्यावरच्या पाण्याहून जास्त खारं. आकडा पाहिला. त्याचं बरोबर होतं. पुढे तीन ठिकाणी आम्ही हाच खेळ खेळलो आणि कुठलं पाणी जास्त खारं, हे त्याने तीनही वेळा अचूक सांगितलं.

ही दलदल एकदा पूर्ण मेली होती, हे इथे कुणी विसरू देत नाही. सद्दामविरुद्धचा १९९१ चा उठाव फसल्यावर बंडखोर बोरूत लपले, म्हणून सद्दामने पाणीच काढून घेतलं. बांध घातले, नद्या कालव्यांत वळवल्या, पाणी दलदल टाळून थेट समुद्राकडे नेलं. २००० च्या आसपास सुमारे नव्वद टक्के दलदल कोरडी पडली होती. लाखाहून जास्त माणसं उठून गेली. हज्जी इराणमध्ये अकरा वर्षं विटा भाजत होता. २००३ मध्ये सद्दाम गेल्यावर लोकांनी कुदळी आणि मिळतील ती यंत्रं घेऊन बांध फोडले आणि पाणी परत आलं. आज्जाम अलवाश यांच्या 'नेचर इराक' संस्थेने त्या कामाला हात दिला. त्यांना २०१३ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. आता पुन्हा पाणी चाललंय. या वेळी ते धरणांमुळे, कमी पावसाने आणि ढिसाळ कारभाराने चाललंय. फोडायला समोर एक बांध नाही.

रात्री मुधीफमध्ये मुक्काम. हे बोरूच्या जाड जुड्या वाकवून कमानी करून बांधलेलं लांबलचक पाहुणघर. खिळा नाही, वीट नाही. पादत्राणं बाहेर. कडू कॉफीचा कप उजव्या हाताने घ्या आणि पुरे झालं की कप हलवून परत द्या, नाहीतर ओततच राहतात. यजमान पैसे घेणार नाहीत असं समजून एक पेटी खजूर किंवा चहा-साखर न्या. मी पुण्याची बाकरवडी दिली, ती पोरांनी लगेच संपवली. बायकांनी सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवावी. जोडप्याने किंवा गटाने गेलात तर बाईमाणसांना घरातल्या बायकांकडे बसायला मिळतं आणि खऱ्या गप्पा तिथे होतात, असं ऐकलं.

सकाळी गेयमर. म्हशीच्या दुधाची साय, इतकी घट्ट की चमच्याने कापावी लागते, वर खजुराची काकवी आणि गरम रोटी. दक्षिण इराकला या एका न्याहारीसाठी जावं, असं माझं मत आहे. पण ताटात साय थोडीच होती. म्हशी खारं पाणी पितात आणि दूध आटतं. गोठ्याशेजारी प्लास्टिकच्या टाक्या ठेवलेल्या. म्हशींसाठीही पाणी विकत. घरच्या बाईने एका म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या मोजता येत होत्या. मागच्या वर्षी सोळा होत्या, आता नऊ. दुष्काळात छावणीत गुरं बांधलेल्या आमच्या आजीचा चेहरा असाच व्हायचा.

नासिरियात उर या प्राचीन शहराचा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचं विटांचं देवस्थान, घाईत पाहिला. परतीच्या रस्त्यावर, बसऱ्याच्या अलीकडे साधारण ३२ किलोमीटरवर, वाळवंटात बसरा युद्धस्मारक आहे. मूळचं नदीकाठी होतं, १९९७ मध्ये इथे हलवलं. मेसापोटेमियात, म्हणजे तेव्हाच्या इराकात, मेलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त जणांचं हे स्मारक. गोऱ्यांची नावं कोरलेली. साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. तैग्रिसकाठच्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश फौजेला सोडवायला निघालेली फौज १९१६ च्या वसंतात तैग्रिसच्या पुराने आणि चिखलाने अडली, आणि २९ एप्रिलला कुत पडलं. मी उभा होतो तिथे चहूकडे कोरडी रेती होती. जायचं असेल तर दिवसा, स्वतःच्या गाडीने आणि ड्रायव्हरला आधी ठिकाण दाखवून. पाटी सापडत नाही.

थोडं राहिलेलं. निघण्याआधी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. तिथे 'जाऊ नका' असेल तर जाऊ नका. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तिकिटाआधी तपासा. डिसेंबर ते मार्च उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पन्नाशीला जातो. कार्डावर विसंबू नका, रोख दिनार ठेवा. पाणी बाटलीचंच, दात घासायलाही. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये: सामून पावात फलाफल आणि वर पिवळं आंबट लोणचं, त्याचं नाव चक्क 'अंबा'. मुंबईहून व्यापाऱ्यांबरोबर आलं म्हणतात.

विमानतळावर सुरक्षेच्या पोराने बॅगेतून पेन काढलं. हे काय? पाणी मोजायचं, म्हटलं. त्याने टेबलावरची बाटली उघडून त्यात बुडवलं, मग उठून प्रसाधनगृहाच्या नळावर जाऊन आला. दोन्ही आकडे सोबत्याला दाखवले. परत आला आणि विचारलं, "बेश?" कितीला? मी म्हटलं, ठेव तुला. जाणाऱ्यांनी दोन न्यावीत.