इंच विचारू नका, अंश विचारा

गाडी उचलली म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती इंच? माझ्या धाकट्या भावानेही टेप हातात घेऊन तेच विचारलं, "दादा, किती झाली?" पाट्यांनी (लीफ स्प्रिंगनी) ४ इंच झाली. पण खरं सांगायचं तर त्या ४ इंचांचं मला फारसं कौतुक नाही. लांब कमानीचे पाटे लावले की ते आपसूक मिळतात. त्यांच्यापायी स्टिअरिंग, शाफ्ट आणि ब्रेक यांचं जे गणित विसकटतं ते पुन्हा बसवण्यात सगळा जीव जातो.

गाडी टोयोटा हायलक्स, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी असलेली. ते सस्पेन्शन काढून मी पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच सलग नळी, आणि पाटे बसवले. त्याआधीच्या, म्हणजे १९७९ ते १९८५ च्या फोर बाय फोर हायलक्सला पुढेही सॉलिड एक्सल आणि पाटे असायचे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना १९८६ पासून पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं. रस्त्यावर ते सुखाचं आहे, यात वाद नाही. पण त्यात डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चॅसिसला टांगलेलं असतं. सस्पेन्शन दबलं की तेही खाली येतं, नेमकं दगड खाली असताना. शिवाय अशी गाडी जास्त उचलली की पुढचे आडवे शाफ्ट तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि ग्रीस बाहेर पडतं. सॉलिड एक्सलमध्ये डिफरन्शियल चाकांबरोबरच राहतं. त्याच्याखाली किती जागा उरणार हे टायर किती मोठा यावर ठरतं.

आणि म्हणूनच ४ इंच लिफ्टने डिफरन्शियलखाली एक सूतही जागा वाढत नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. मूळचा २२५/७५ आर१५ टायर साधारण २८.३ इंच व्यासाचा, नवा ३३ इंचांचा. फरक ४.७ इंच, त्याचा निम्मा म्हणजे सव्वादोन इंचांपेक्षा जरा जास्त. खालची वाढ एवढीच. लिफ्ट लागते ती हा टायर फेंडरला घासू नये आणि एक्सल वर आल्यावर इंजिनच्या ऑइल पॅनवर आपटू नये म्हणून. याहून जास्त उचलणं म्हणजे निव्वळ मिरवणं, आणि त्याची किंमत प्रत्येक वळणावर मोजावी लागते.

कुठला एक्सल घ्यायचा यावर बरीच डोकेफोड झाली. डाना ६० हा दणकट एक्सल लाव, असं सांगणारे भरपूर भेटतात. त्याचं क्राउन व्हील (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) ९.७५ इंचांचं, तोडून तुटणार नाही असं. पण वजन भलतंच, चाकाला बहुधा ८ बोल्ट, म्हणजे रिमपासून सगळं नवं. ३३ च्या टायरसाठी एवढा जामानिमा कशाला? मी जुन्या हायलक्सचाच पुढचा एक्सल घेतला. क्राउन ८ इंचांचं, चाकाला ६ बोल्ट, मागच्याशी जुळणारे. डिफरन्शियलचा अख्खा गोळा बाहेर निघतो, त्यामुळे टेबलावर ठेवून निवांत काम करता येतं. एकच अडचण: माझ्या गाडीचा मागचा एक्सल या जुन्यापेक्षा साधारण ३ इंच रुंद. पुढे नंतरच्या पिढीचे हब बसवून ती तफावत भरून काढली.

एक्सल आणला तेव्हा दोन्ही नकल (एक्सलच्या टोकाचे, चाकाबरोबर वळणारे भाग) तेलकट होते. उघडले तर आत काळा राडा. जुन्या टोयोटांचं हे ठरलेलं दुखणं आहे. आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शियलचं पातळ तेल नकलमध्ये उतरतं, तिथल्या काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसमध्ये कालवलं जातं आणि बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा, त्या पातळ चिखलात फिरत राहतो. या जॉइंटमध्ये ६ गोळ्या असतात. चाक सरळ असताना भार सगळ्यांवर बऱ्यापैकी वाटला जातो. चाक पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की जॉइंटच्या कडा तुटतात. डिझेलने धुऊन गोळ्यांचे खाचे बोट फिरवून तपासले, नख अडकेल असा ओरखडा कुठेच नव्हता. जॉइंट तेच ठेवले. सील, बेअरिंग, नकल बाहेरून पुसणारे वायपर मात्र सगळे नवे. नकलच्या वर-खाली जे बेअरिंग असतात त्यांचा ताण शिम (पातळ चकत्या) घालून बसवायचा आणि स्टिअरिंग आर्मला ताणकाटा अडकवून ओढून बघायचा. शाळेत विज्ञानाच्या तासाला वापरतात तोच ताणकाटा. हा ताण सैल राहिला की एखाद्या खड्ड्यानंतर अख्खं स्टिअरिंग थडथडायला लागतं. तेव्हा लोक धावत जाऊन स्टिअरिंग डँपर बसवतात. थडथड काही दिवस दबते, रोग तसाच राहतो.

चॅसिसवरचे जुने ब्रॅकेट ग्राइंडरने कापणं हे गाढवकाम. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कान आणि डोळे सांभाळा एवढंच.

आता अंशांकडे येतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. गाडीच्या नकलचंही तसंच आहे. वरचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं. याला कॅस्टर म्हणतात. तो कमी झाला तर गाडी हायवेवर डुलत राहते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. दुसरीकडे गाडी उचलली की पुढच्या एक्सलला ताकद नेणारा शाफ्ट जास्त तिरका होतो, म्हणून पिनियनचं (क्राउन फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड वर करावंसं वाटतं. अख्खा एक्सल फिरवला की पिनियन वर येतं खरं, पण त्याच फेऱ्यात नकल पुढे झुकतात आणि कॅस्टर जातो. एका नळीला दोन्ही जोडलेले, त्यामुळे एकाला खूश केलं की दुसरं रुसतं. उपाय म्हणजे नळीच्या टोकाचे नकलचे गोळे वेल्ड कापून सोडवायचे, हवे तेवढे फिरवायचे आणि पुन्हा जोडायचे. मी कॅस्टर ५ अंशांच्या आसपास ठेवला. पिनियन ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणाऱ्या गिअरपेटीकडे) रोखलं आणि शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे दोन क्रॉसचा जोड-जॉइंट घातला. दोन टोकांना एकेक साधा क्रॉस असलेल्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात, नाहीतर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात हळू-जोरात होतो आणि फ्लोअरमधून थरथर जाणवते.

पाट्यांच्या बैठका आधी फक्त टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून धरल्या. गाडी घोड्यांवरून (स्टँडवरून) उतरवून चाकांवर आणली, इंजिन जागेवर, बंपर जागेवर, म्हणजे पाट्यांवर खरं वजन आलं, आणि मग कोन मोजले. हवेत लटकलेल्या एक्सलवर घेतलेलं माप काही कामाचं नसतं. पक्कं वेल्डिंग करताना एका बाजूला बोटभर, मग दुसऱ्या बाजूला बोटभर, मधे थंड होऊ द्यायचं. एका दमात शिवण मारली तर नळी वाकते. ते वाकणं डोळ्याला दिसत नाही, टायर आतून झिजायला लागला की कळतं.

स्टिअरिंगच्या बाबतीत माझं नशीब चांगलं. जुन्या हायलक्समध्ये ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून नकलकडे जाणारी दांडी) मागून पुढे जाते, त्यामुळे एक्सल वर-खाली झाला की चाक आपलंआपण थोडं वळतं. माझ्या गाडीच्या बॉक्सचा आर्म डावीकडे-उजवीकडे फिरतो, म्हणून लिंक आडवी टाकता आली. गंमत अशी की जुन्या गाडीवाले आमचा बॉक्स शोधत असतात आणि आम्ही त्यांचा एक्सल. नकलच्या वर उंच आर्म लावल्यामुळे लिंक जवळजवळ आडवी बसली, आणि दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा टाय रॉड पाट्यांच्या वर गेल्यामुळे दगडांपासूनही वाचला. बॉक्स जिथे चॅसिसला जोडलाय तिथे आतून-बाहेरून पट्टी मारली. मोठ्या टायरने तिथली चॅसिस चिरते.

३३ च्या टायरला मूळचं ४.१० रेशोचं (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) क्राउन-पिनियन पुरत नाही. गाडी जड वाटते आणि पाचवा गिअर नावापुरता उरतो. ४.१० ला ३३ ने गुणून २८.३ ने भागलं की ४.७८ येतं, जवळचा मिळणारा रेशो ४.८८, म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राउनला ३९. पुढे आणि मागे दोन्हीकडे एकच हवा, नाहीतर फोर व्हील टाकली की ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडत बसते. हे काम मला सगळ्यात आवडलं. दातांना पिवळी पेस्ट लावायची, क्राउन हाताने थोडं रोखून फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या बुडाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करायची. पुन्हा खोलायचं, पुन्हा पेस्ट. ठसा दाताच्या मधोमध आला आणि दातांमधली मोकळीक ०.१३ ते ०.१८ मिलिमीटरमध्ये बसली की झालं. याचा एक फायदा म्हणजे स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, त्यामुळे मोठ्या टायरने पडलेला फरक नव्या रेशोने जवळजवळ भरून निघतो. काटा ६० वर असताना गाडी ५९ च्या आसपास असते.

मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह बरेच जण विसरतात. एक दांडी त्याला एक्सलशी जोडते, आणि चॅसिस किती दबली यावरून तो भार ओळखतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे काहीच लादलेलं नाही, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. दांडीची खालची बैठक उचलली तेवढीच वर घ्यायची. ब्रेकचे पाइप लांब हवेत, एक्सलचा श्वास घ्यायचा पाइप उंच बांधायचा. यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले की त्यांचे आटे गेलेले असतात. आणि पुढच्या पाट्याखाली ब्लॉक घालून उंची काढायचा विचारसुद्धा नको.

नव्या गिअरसाठी सुरुवातीला थोडं चालवून पूर्ण थंड होऊ देणं चालू आहे. यू-बोल्ट पहिल्या फेरीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, चारही बाजूंना थोडे थोडे फिरले. आता एवढंच राहिलंय: उजवीकडे पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासतो. नकलवरचा स्टॉपरचा बोल्ट दोन आटे बाहेर घ्यायचा. वळणाचा घेर थोडा वाढेल, पण बर्फील्डवरचा ताणही तेवढाच कमी होईल.